बारावी रेघ

उत्तरपत्रिका तपासण्यात ज्याचे निम्मे आयुष्य गेले, त्याला दिसेल त्या वस्तूस गुण देण्याची खोड जडते. आंबा असो, छत्री असो, की शेजाऱ्याचा नवा जावई असो, मनातली तांबडी पेन्सिल उचललीच जाते. परंतु गेल्या महिन्यात मुंबईतील एका वाद्यांच्या दुकानात उभा असताना आपले गुण चुकतील की काय, अशी भीती मला प्रथमच वाटली.

घ्यायची होती एक हवाईयन गिटार, आणि तीही स्वस्तातली. दादा, म्हणजे माझे वडील बंधू, तरुणपणी गिटार फार चांगली वाजवीत. पुढे भिवंडीतील आमच्या मागाच्या दातेरी चाकांत त्यांच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटे सापडली. बोटांबरोबर गिटारही गेली. त्या गोष्टीला आता चाळीस वर्षे होतील. दादांनी तिचे नाव म्हणून काढले नाही.

मांडीवर आडवी ठेवायच्या गिटारीला मात्र बोटांनी तारा दाबाव्या लागत नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांतील जोसेफ केकुकू याने जी वादनपद्धती रूढ केली, तीत डाव्या हातातील पोलादी कांडी तारांवरून सरकवायची असते. अंगठा आणि दोन बोटे एवढे भांडवल तिला पुरते. आपल्याकडे ब्रिजभूषण काब्रा यांनी याच पद्धतीने रागसंगीत वाजविले. १९६७ सालच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये शिवकुमार शर्मांचे संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या जोडीला त्यांचीच गिटार आहे. साध्या गिटारीचे पडदे मिंडेची वाट अडवितात; येथे ती वाट मोकळी असते.

कोणी म्हणेल, मग चांगली महाग गिटारच का घेतली नाही? महाग आणली असती, तर ‘या हातावर एवढा खर्च?’ असे म्हणून दादांनी ती खोक्याबाहेरही काढू दिली नसती. पण स्वस्त वाद्याचा धोका निराळाच. वाईट वाद्य स्वतःचा दोष वाजविणाऱ्याच्या पदरात टाकते. कसलेला वादक ती लबाडी ओळखतो. नवशिका बिचारा ‘मलाच येत नाही’ म्हणून गप्प बसतो. आणि दादा तर अशा निमित्ताची वाटच पाहत होते, असे मला वाटे.

मी कापडाच्या गावचा माणूस. खिशात मोजपट्टी होतीच. माथ्याकडच्या पट्टीपासून बाराव्या रेघेपर्यंत जेवढे अंतर, तेवढेच तेथून घोडीपर्यंत असले पाहिजे. कारण अर्धी तार वरच्या सप्तकातला तोच स्वर देते. पहिल्या गिटारीत बारावी रेघ अर्ध्या पेराने चुकली होती. दुकानदार हसून म्हणाला, “रेघा शोभेच्या असतात, सर. वाजवायचे ते कानाने.” हे अर्धसत्य होते, आणि अर्धसत्यासारखे फसवे उत्तर परीक्षकाला दुसरे नाही. कान तयार होईपर्यंत डोळ्यांना रेघेचाच आधार असतो.

दुसरीचा रंग ओघळलेला होता, एक स्क्रू तिरका होता. रूपाला मी गुण ठेवले नव्हते. १९३२ साली बाजारात आलेली रिकनबॅकरची विजेवरची गिटार तर तव्यासारखी दिसे, म्हणून तिचे नावच ‘फ्राइंग पॅन’ पडले होते. हिची बारावी रेघ बरोबर होती. तार बाजूला ओढून सोडली, तरी खुंटी सरकली नाही. वीज न जोडता छेडली. सूर लगेच मेला नाही. मग वीज जोडली. साही तारा सारख्याच बोलल्या. थोडी गुरगुर होती, ती तारांना हात लागताच कमी झाली. पुरे झाले. मी पैसे मोजले.

घरी दादांनी ती मांडीवर घेतली. पलीकडच्या गल्लीत मागांचा खडखडाट चाललाच होता. त्यांनी कांडी टेकवून तार छेडली. स्वर उतरलेला निघाला. पुन्हा छेडली, पुन्हा तसाच. त्यांनी गिटारीकडे पाहिले नाही. आपल्या हाताकडे पाहिले. ज्या क्षणाची मला धास्ती होती, तो हाच.

मी म्हणालो, “दादा, रेघ मी मोजून आणली आहे. तुमची कांडी तिच्या मागे पडते आहे.”

ते थबकले. साध्या गिटारीवर बोट पडद्याच्या जरा मागे टेकवायचे असते; येथे कांडी नेमकी रेघेवर हवी. म्हणजे चूक गेलेल्या बोटांची नव्हतीच. चाळीस वर्षांपूर्वीचे शिक्षण हात अजून विसरला नव्हता, एवढाच काय तो त्याचा अपराध! रेघ खोटी असती, तर हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगितले असते?

दादांनी कांडी केसभर पुढे सरकविली. स्वर लागला. मग ते खालच्या स्वरावरून त्याच स्वरापर्यंत सावकाश घसरत आले, आणि बारावी रेघ येताच थांबले.

“केवढ्याला पडली?” त्यांनी विचारले. मी खरी किंमत सांगितली.

“बरी आहे,” ते म्हणाले. आमच्या घरात ‘बरी’च्या वरचा गुण आजवर कोणाला मिळालेला नाही. मागांचा खडखडाट तसाच चालू होता. दादांनी अँप्लिफायरचा आवाज थोडा वाढविला.