जामसरच्या ओटीवर वाचलेली गोष्ट

कल्याणहून पहाटेची एस.टी. धरली आणि वाडा, विक्रमगड करीत जव्हारला उतरलो. जव्हार हे जुने संस्थान. येथे मुकणे घराण्याचे राज्य होते. थंड हवेमुळे या गावाला 'ठाणे जिल्ह्याचे महाबळेश्वर' म्हणत. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि ते बिरुद मागे पडले. पर्यटक राजवाडा पाहतात, दाभोसाचा धबधबा पाहतात आणि परत जातात. आम्हाला जायचे होते जामसरला. आमच्या मंडळाने शाळेतील मुलांसाठी वह्या जमवल्या होत्या. त्या दोन खोकी वह्या आणि खांद्यावरच्या पिशवीत आमची एक छापील कथा, एवढेच सामान आमच्यासोबत होते.

त्या कथेविषयी आधी सांगितले पाहिजे. आम्ही पेशाने कारकून, शिक्षण बी.कॉम. दिवसभर जावक नोंदवही आणि रात्री कथालेखन, असा आमचा क्रम. 'भूक' नावाची आमची कथा एका दिवाळी अंकात आली, तिला एका स्पर्धेत बक्षीसही मिळाले. कथा जव्हार भागातील कुपोषणावर होती. 1992-93 साली वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला होता. त्या वेळी आम्ही शाळेत होतो. पुढे वर्तमानपत्रांची कात्रणे जमवून आम्ही ही कथा रचली. कथेच्या शेवटी मेलेल्या बाळाची आई दीड पान बोलते, समाजाला जाब विचारते. आमच्या पत्नीने ती वाचली आणि इतकेच म्हटले, "भाषण चांगलं आहे." आम्ही त्याला स्तुती समजलो!

भातकापणी उरकली होती. जामसरच्या वाटेवर शेते मोकळी पडली होती. काही अंगणांत नागली वाळत होती. काही घरांना कुलूप होते, तर काहींच्या दाराला नुसतीच दोरी बांधलेली. या भागात कापणी संपली की कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, शाळा आहे. पण ज्या मुलांसाठी आम्ही वह्या नेल्या होत्या, त्यांतली काही आईबापांमागे भट्टीवर गेलेली होती. वह्या उरल्या. त्या उरलेल्या वह्यांकडे पाहून गुरुजी म्हणाले, "दादा, ठेवून जा. पावसात येतील तेव्हा देईन."

संध्याकाळी गुरुजींनीच प्रस्ताव मांडला. "तुम्ही लेखक आहात, आमच्या लोकांवर लिहिलंय, तर लोकांना वाचून दाखवा." आम्हाला आनंदच झाला. कुडाच्या भिंतीचे एक घर, त्याची सारवलेली ओटी. दहा-बारा माणसे जमली. आतल्या भिंतीवर लग्नातला चौक अजून अंधुक दिसत होता. वारली समाजात गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने हा चौक लिहितात, त्यात पालघाट देवी असते. तो लिहिण्याचा मान सवाशिणींचा. लग्न लावते ती धवलेरी. धवलेरी गाणी म्हणते, त्या गाण्यांशिवाय लग्न लागत नाही. त्या घरातल्या आजी धवलेरी होत्या. त्या अगदी पुढे बसल्या.

आम्ही कथा वाचली. आवाज चढवून, हातवारे करून वाचली. शेवटच्या दीड पानाला आमचाच गळा दाटून आला. वाचून झाल्यावर कुणीच काही बोलले नाही. मग आजींनी विचारले, "त्या बाईचं नाव काय?"

आम्ही गोंधळलो. कथेत तिला नावच नव्हते! सगळीकडे 'ती आदिवासी स्त्री' असेच लिहिले होते.

"पोराला ती काय म्हणून हाक मारायची?"

तेही नव्हते.

"महिना कोणता होता? घरात नागली होती की संपली होती? त्या दिवशी चुलीवर काय होतं?"

एकाही प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे नव्हते. आजींच्या बोलण्यात राग नव्हता. लग्नाला आलेल्या पाहुण्याला गावाकडची खुशाली विचारावी, तसे त्या विचारत होत्या. (त्यांचे शब्द आम्ही साध्या मराठीत देत आहोत. त्यांची वारली बोली आम्हाला येत नाही. कथेत आम्ही 'हाय-न्हाय' पेरून तिची नक्कल केली होती, ती ऐकून मागे बसलेली दोन तरुण मुले हसली होती, हेही येथे कबूल करतो.)

मग आजी म्हणाल्या, "तुझ्या आईचं नाव काय? ती काय करायची?" आजी सगळ्यांना 'तू'च म्हणत होत्या.

वाचकहो, त्या रात्री आम्ही जे सांगितले ते त्यापूर्वी कोणालाही सांगितले नव्हते. नोकरीच्या पहिल्या वर्षी आमची नेमणूक एका परक्या गावी झाली. खोली मिळेना. शेवटी एका घरी आडनाव तोंडातल्या तोंडात पुटपुटले आणि खोली मिळाली. दोन महिन्यांनी आई भेटीला आली. मजुरीला जाऊन तिने आम्हाला शिकवले होते. येताना तिने बाबासाहेबांचा फोटो आणला, कापडात गुंडाळून. स्वतःच्या हाताने खिळा ठोकला आणि फोटो लावला. संध्याकाळी घरमालकीणबाईंची पावले जिन्यावर वाजली आणि आम्ही तो फोटो उतरवून गादीखाली सारला. बाई आल्या, भाड्याचे बोलल्या, गेल्या. आई काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने ती निघून गेली. न जेवता.

सांगून झाले. ओटीवर सगळे गप्प होते, पण मघाची ती शांतता वेगळी होती आणि ही वेगळी. थोड्या वेळाने आजी म्हणाल्या, "ही गोष्ट तुझी. पहिली कुणाची होती?"

त्या रात्री गुरुजींच्या घरी अंथरुणावर पडलो, पण डोळ्याला डोळा लागला नाही. बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह 1963 साली आला. तो आम्ही कॉलेजात असताना वाचला होता. बागूल स्वतः रेल्वेच्या नोकरीसाठी सुरतेला गेले होते. राहायला जागा मिळावी म्हणून तेथे जात लपवावी लागली, ते सहन न होऊन त्यांनी नोकरी सोडली. आम्ही त्यांच्यावर भाषणे केली, पण आमच्या गादीखालचा फोटो मात्र आम्हाला कधी आठवला नाही. की आठवायचाच नव्हता? दुसऱ्याच्या भुकेवर लिहिणे आम्हाला सोपे गेले, कारण तेथे आमची लाज उघडी पडत नव्हती. आमच्या लेखणीला स्वतःचा आवाज का सापडत नव्हता, याचे उत्तर आम्हाला जामसरला मिळाले. आवाज हरवलेला नव्हताच, आम्हीच तो गादीखाली दाबून ठेवला होता.

आपल्या लेखकांकडे या नजरेने पुन्हा पाहावे. अण्णाभाऊ साठे जेमतेम दीड दिवस शाळेत गेले. 1958 साली मुंबईत दलित साहित्य संमेलन झाले, त्याचे उद्घाटन त्यांनी केले आणि 1959 साली 'फकिरा' आली. ती भाषा त्यांना कोणत्या वर्गात शिकवली होती? ती वाटेगावची होती. उर्मिला पवार सरकारी नोकरी करीत लिहीत होत्या. 'सहावं बोट' हा त्यांचा कथासंग्रह 1988 चा. 2003 साली त्यांचे आत्मचरित्र आले, त्याचे नाव 'आयदान'. आयदान म्हणजे बांबूची विणलेली भांडी, टोपल्या. त्यांची आई ती विणायची. आईच्या हातातले काम त्यांनी पुस्तकाच्या नावावर आणले!

आणि याच मुलखातले जिव्या सोमा म्हसे. लहानपणी आई गेली तेव्हा त्यांची वाचाच गेली, असे सांगतात. ते मातीत चित्रे काढून बोलत. चौक लिहिणे हा बायकांचा मान, पण त्यांनी ब्रश हाती घेतला आणि लग्नाच्या चौकाबाहेरचे रोजचे जगणे कागदावर आणले. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 साली ते गेले. ज्याला शब्द उरले नव्हते, त्याचा आवाज जगाने ऐकला.

मग दुसऱ्याविषयी लिहूच नये काय? तसे आम्ही म्हणणार नाही. गोदावरी परुळेकर वारल्यांच्या मुलखात गेल्या, 1945 च्या लढ्यात त्यांच्यासोबत राहिल्या, पायी फिरल्या. 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक 1970 साली निघाले. त्यांनी वारली होऊन लिहिले नाही. पाहिले, भोगले ते स्वतः गोदावरीबाई म्हणूनच लिहिले. आम्ही मात्र एक रात्रही न राहता एका आईच्या तोंडात दीड पान घातले. त्या आईची गोष्ट लिहायला तिची माणसे समर्थ आहेत. 1990 साली पालघरलाच आदिवासी साहित्य संमेलन भरले होते, त्याचे अध्यक्ष भिली बोलीत कविता लिहिणारे वाहरू सोनवणे होते. गुरुजींकडे ठेवलेल्या वह्यांतल्या एखाद्या वहीत उद्या ती गोष्ट उतरेल. आपले काम वही पोहोचवण्याचे आणि मग ऐकण्याचे.

आपल्या घरांतून लिहिणारी मुलेमुली आता पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी आजींचे प्रश्न येथे पुन्हा देतो. माणसाचे नाव काय? त्याला घरात काय हाक मारतात? महिना कोणता? चुलीवर काय होते? याची उत्तरे येत नसतील तर अजून लिहू नका, जाऊन विचारा. लिहिलेले मोठ्याने वाचा, ज्याच्यावर लिहिले त्याच्यासमोर वाचा. कचेरीची भाषा कचेरीत ठेवा. आम्हा कारकुनांच्या कथेत 'सदर इसम' कधी घुसतो ते कळतही नाही.

परतीच्या एस.टी.त आम्ही त्याच छापील कथेच्या पाठकोऱ्या बाजूवर नवी गोष्ट लिहायला घेतली. महिनाभर लिहीत होतो. पत्नीने वाचली. या वेळी तिने काहीच शेरा दिला नाही, फक्त विचारले, "आत्यांना वाचून दाखवलीत?"

ते मात्र सर्वांत अवघड होते. तरी एका रविवारी आईपुढे बसलो. कागद हातात थरथरत होता. वीस वर्षांहून अधिक काळ आम्ही माय-लेक त्या दिवसाविषयी बोललो नव्हतो. आईने शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाली, "एक चुकलं. मी उपाशी नव्हते गेले. तुझ्या डब्यातली अर्धी भाकर घेतली होती, जिन्यात बसून खाल्ली. उपाशी गेले असते तर तुझ्या जिवाला घोर लागला असता."

आम्ही 'न जेवता' हे शब्द खोडले आणि ती अर्धी भाकर लिहिली.