आईच्या नावाचा टॉवर

चर्चगेटहून ओव्हल मैदानापाशी आलात, की झाडांच्या वर एक उंच घड्याळ दिसतं. तोच राजाबाई टॉवर! घड्याळ सगळेच बघतात. त्याच्या पायाशी मुंबई विद्यापीठाचं ग्रंथालय आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

१८६४ साली अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं. तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्यात गबर झालेल्या प्रेमचंद रायचंद शेटजींनी ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले आणि टॉवरसाठी आणखी दोन लाख. नाव मात्र आईचं, राजाबाईंचं!

पुढच्याच वर्षी युद्ध संपलं, भाव कोसळले आणि शेटजींचं दिवाळं निघालं. पण दान देऊन झालं होतं, ते वाचलं. १८६९ मध्ये पायाभरणी झाली, १८७८ मध्ये काम पुरं. उंची २८० फूट! नकाशे काढणारे सर गिल्बर्ट स्कॉट मात्र मुंबईला कधी आलेच नाहीत बरं का.

टॉवरच्या वरच्या कोनाड्यांत पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांचे दगडी पुतळे आहेत. जाताना दुर्बीण घेऊन जा.