पाच लिटरची अट

ईदच्या दुपारी जेवणं आटोपली, पाहुणे पांगले, आणि माझा भाचा मोबाइल घेऊन शेजारी येऊन बसला. पडद्यावर नारिंगी रंगाची एक जुनी मस्टँग वळणावर मागची चाकं घसरवत चालली होती. आवाज असा की आतल्या खोलीतून अम्मी ओरडली, "अरे, कमी कर ते."

"मामू, अशा गाड्या आता का बनत नाहीत? माझा मित्र म्हणतो, अरबांनी तेल बंद केलं म्हणून त्या संपल्या. खरंय का?"

प्रश्न साधा होता, पण ते वाक्य मी कॉलेजात असल्यापासून ऐकत आलोय. कधी कुणी माहिती म्हणून सांगतं, कधी चिमटा काढायला. नोकरीत असताना एकाने तर चहाच्या टपरीवर मला उद्देशून म्हटलं होतं, "तुमच्या लोकांनी मारल्या त्या गाड्या." मी तेव्हा हसून सोडून दिलं. भाच्यापुढे तसं सोडून देणं बरं वाटलं नाही. म्हणून त्याला 1970 सालचा एक मोसम सांगायला बसलो. तेच इथेही लिहितो.

अमेरिकेत 1966 साली 'ट्रान्स-ॲम' नावाची शर्यतींची मालिका सुरू झाली. ही शर्यत सेडान गाड्यांची. आपण सेडान म्हटलं की चार दारं आणि मागे डिकी डोळ्यांपुढे येते. त्यांच्या नियमात मात्र मागे सीट असली की गाडी सेडान. मस्टँगला दोन दारं, मागच्या सीटवर मोठा माणूस नीट बसणार नाही, पण कागदोपत्री ती सेडानच. शर्यत गोल पट्ट्यावरची नव्हे. डावी-उजवी वळणं, चढ-उतार असलेल्या रस्त्यासारख्या ट्रॅकवरची, साधारण 200 मैलांची.

खरा महत्त्वाचा नियम इंजिनाचा. मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या गाडीत कोंबलेलं मोठं इंजिन. सात लिटरपर्यंतची इंजिनं तेव्हा शोरूममध्ये मिळत. या मालिकेने मात्र अट घातली पाच लिटरची. आणि दुसरी अट, गाडी फक्त शर्यतीपुरती बनवलेली चालणार नाही, ती ठराविक संख्येने गिऱ्हाइकालाही विकली पाहिजे. शेव्हरोलेने 1967 साली कॅमरोची झेड-28 ही आवृत्ती काढली ती याच अटीपायी. पहिल्या वर्षी फक्त 602 गाड्या बनल्या. 1970 पर्यंत अट वाढली होती. किमान 2,500 गाड्या, किंवा कंपनीच्या आदल्या वर्षीच्या उत्पादनाचा अडीचशेवा हिस्सा, यातला जो आकडा मोठा तो. म्हणून त्या वर्षी प्लिमथने एएआर कुडा नावाच्या 2,724 गाड्या बनवल्या आणि फोर्डने बॉस 302 मस्टँग 7,000 हून अधिक. एका शर्यतीच्या नियमासाठी हजारो गाड्या रस्त्यावर आल्या.

1968 आणि 1969 ची अजिंक्यपदं शेव्हरोलेची. संघमालक रॉजर पेन्स्की, चालक मार्क डोनोह्यू. 1968 मध्ये तर 13 पैकी 10 शर्यती एकट्या डोनोह्यूने जिंकल्या. मग 1970 साठी पेन्स्कीने सगळ्यांना चकित केलं. जिंकणारी कॅमरो सोडून तो अमेरिकन मोटर्सच्या जॅव्हलिनकडे गेला. ही कंपनी मोठ्या तिघांच्या मानाने फारच लहान.

त्या मोसमासारखी गर्दी पुन्हा झाली नाही. फोर्डकडून बड मूरचा संघ, चालक पार्नेली जोन्स आणि जॉर्ज फॉल्मर. कॅमरो जिम हॉलकडे. प्लिमथ डॅन गर्नीच्या संघाकडे, डॉज सॅम पोझीकडे, पाँटिॲक जेरी टायटसकडे. लाल-पांढरी-निळी जॅव्हलिन, पांढऱ्या कॅमरो, निळी कुडा, पोपटी चॅलेंजर. अमेरिकेची सहा नावं एका ट्रॅकवर आणि प्रत्येकाच्या मागे कारखान्याचं बळ.

19 एप्रिलला कॅलिफोर्नियातल्या लागुना सेका इथे पहिली शर्यत जोन्सने जिंकली. हा 1963 चा इंडियानापोलिस 500 चा विजेता, गाडीला गाडी घासायला न कचरणारा. एकूण 11 शर्यतींत जोन्सने पाच जिंकल्या, फॉल्मरने एक. डोनोह्यूने नव्या गाडीवर तीन. उरलेल्या दोन कॅमरोने. अजिंक्यपद फोर्डला गेलं. चालकांसाठी तेव्हा अधिकृत अजिंक्यपदच नव्हतं, मान कंपनीचा.

4 ऑक्टोबरला रिव्हरसाइडला शेवटची शर्यत. जोन्स पुढे असताना मागे पडलेल्या एका गाडीशी त्याची टक्कर झाली आणि तो ट्रॅकबाहेर गेला. परत आला तेव्हा नवव्या जागी होता. पत्रा चेपलेला. त्याच गाडीने त्याने एकेकाला गाठलं आणि शर्यत जिंकली. त्याच दिवशी डॅन गर्नी चालक म्हणून निवृत्त झाला.

टायटस मात्र तिथवर पोचला नव्हता. एका मोटार-मासिकाचा संपादक असलेला हा माणूस स्वतः उत्तम चालक होता. जुलैमध्ये विस्कॉन्सिनच्या रोड अमेरिका ट्रॅकवर सरावात त्याची गाडी भिंतीवर आदळली आणि ऑगस्टमध्ये तो गेला. व्हिडिओतला तो आवाज ऐकताना हेही लक्षात असावं.

भाचा म्हणाला, "म्हणजे सगळ्यांत हुशार डोनोह्यू."

हुशार खरा. ब्राउन विद्यापीठाचा इंजिनिअर. पण त्याच्या हुशारीची दुसरी गोष्टही त्याला सांगितली. गाडीचं किमान वजन किती असावं याचाही नियम होता. पेन्स्कीच्या संघाने कॅमरोचा सांगाडा ॲसिडमध्ये बुडवून काढला. पत्रा झिजून पातळ झाला, वजन उतरलं. एका गाडीचं छप्पर इतकं पातळ झालं की त्यावर लाटा दिसायला लागल्या. मग काय केलं? छपरावर काळं व्हिनाइल चिकटवलं. तेव्हा तशी फॅशनच होती, शोरूमच्या गाड्यांवरही ते असायचं. एकदा तर सारख्या रंगवलेल्या दोन गाड्यांपैकी वजनात बसणारी एकच गाडी नंबर बदलून दोनदा तपासणीला उभी केली. हे त्याच्या विरोधकांनी उठवलेलं नाही. 1975 साली आलेल्या स्वतःच्या पुस्तकात डोनोह्यूनेच सांगितलंय, आणि पुस्तकाचं नावही 'द अनफेअर ॲडव्हान्टेज' ठेवलंय. त्याच वर्षी ऑस्ट्रियात सरावातल्या अपघातानंतर तो वारला, वयाच्या 38 व्या वर्षी.

हे पुस्तक मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं. दुसऱ्यांदा वाचताना आलं नाही, कारण मधल्या काळात मी गाड्यांच्या एका कारखान्यात नोकरीला लागलो होतो.

आमच्या एका मॉडेलचं ॲव्हरेज मोजायचं होतं. चाचणीला कुठली गाडी द्यायची ते ठरवणं माझ्याकडे आलं. लाइनवरून उतरलेल्या गाड्यांतून आम्ही सगळ्यांत हलकी, सगळ्यांत मोकळी फिरणारी निवडली. टायरमधली हवा मर्यादेच्या वरच्या टोकाला नेली. एकही नियम मोडला नाही. आकडा छान आला, साहेबांनी पाठ थोपटली. सुट्टीला मिरजेला गेलो तेव्हा मी मोठ्या उत्साहाने अब्बांना सांगितलं. अब्बांचं गॅरेज होतं. बदललेला प्रत्येक जुना पार्ट ते वर्तमानपत्रात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या डिकीत ठेवायचे. ती घाण नको म्हणून गिऱ्हाईक चिडायचं, तरी ठेवायचे. पार्ट खरंच खराब होता हे त्याने बघावं, एवढंच.

अब्बांनी सगळं ऐकून घेतलं. हात पुसत विचारलं, "मग गाडी घेणाऱ्याला सांगणार का, की तुझी गाडी ती नाही, आम्ही मोजली ती वेगळी?"

"अब्बा, नियमात बसतं ते."

"मी नियमाचं विचारलंच नाही."

बस, एवढंच बोलले आणि वुजूला उठले. मी त्यानंतरही दोन वर्षं तेच काम केलं. नोकरी सोडली ती वेगळ्या कारणाने. मी कुणी फार मोठा प्रामाणिक माणूस आहे असा वाचकांचा समज होऊ नये, म्हणून हे लिहिलं.

पण तो प्रश्न डोक्यात राहिला. मापात मारणाऱ्यांविषयी कुरआनात एक अख्खा सूरह आहे, सूरह मुतफ्फिफीन. लहानपणी मला वाटायचं, हा किराणा दुकानदारांसाठी असावा. वजन कमी दाखवणं जितकं माप मारणं, तितकंच पातळ छपरावर व्हिनाइल चिकटवणंही, हे फार उशिरा कळलं.

आणि शर्यतीचं म्हणाल, तर ती आपल्याला परकी नाही. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी मदीनेत घोड्यांच्या शर्यती लावल्याची हदीस इब्न उमर (रजि.) यांनी सांगितली आहे. ते स्वतः त्यात धावले होते. त्यात एक तपशील आहे, त्याकडे माझं लक्ष या ट्रान्स-ॲममुळेच गेलं. तयार केलेल्या घोड्यांसाठी अंतर वेगळं होतं, हफयापासून सनियतुल-विदापर्यंत, पाच-सहा मैल. तयार न केलेल्या घोड्यांसाठी सनियतुल-विदापासून बनू जुरैकच्या मस्जिदीपर्यंत, सुमारे एक मैल. म्हणजे वर्गवारी तेव्हाही होती. तयार घोडा कसा करायचे? आधी खाऊ घालून ताकद आणायची, मग चारा कमी करत न्यायचा, अंगावर झूल घालून घाम काढायचा. चरबी झडून घोडा हलका व्हायचा. वजन इथेही उतरवलं जायचं, पण सगळ्यांच्या देखत, आणि तसा घोडा तशाच घोड्यांबरोबर धावायचा. डोनोह्यूची बरीचशी हुशारी या जातीची होती, तासन् तास चाचण्या, ब्रेक लवकर बदलण्याच्या युक्त्या. ती मला आजही आवडते. ॲसिडची गोष्ट दुसऱ्या जातीची.

आता भाच्याच्या मूळ प्रश्नाकडे येतो. अरब देशांनी तेलाची नाकेबंदी केली ती ऑक्टोबर 1973 मध्ये. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, हे खरंच आहे. पण तारखा बघा. फोर्डने शर्यतीतून अंग काढून घेतलं 1970 च्या नोव्हेंबरात, अजिंक्यपद जिंकल्यावर थोड्याच काळात. बॉस 302 बंद झाली 1970 नंतर. प्लिमथची एएआर कुडा आणि डॉजची चॅलेंजर टी/ए या गाड्या फक्त 1970 या एकाच वर्षाच्या. धुरावर कडक मर्यादा घालणाऱ्या कायद्यावर अध्यक्ष निक्सन यांची सही झाली 31 डिसेंबर 1970 ला. जनरल मोटर्सने 1971 च्या मॉडेलपासूनच शिसं नसलेल्या पेट्रोलसाठी इंजिनांचं कॉम्प्रेशन उतरवलं. विमा कंपन्यांनी तरुण गिऱ्हाइकांचे हप्ते आधीच इतके चढवले होते की गाडीपेक्षा विमा जड व्हावा. 1971 मध्ये ट्रान्स-ॲममध्ये कारखान्याचं पूर्ण बळ उरलं ते फक्त जॅव्हलिनच्या मागे. ती जिंकलीसुद्धा. बड मूरचा संघ त्याच मस्टँग घेऊन स्वतःच्या हिमतीवर धावत राहिला.

म्हणजे तेल बंद झालं तेव्हा मय्यत उठून तीन वर्षं होत आली होती. अमेरिकेचा स्वतःचा कायदा, स्वतःचे विमेवाले, स्वतःच्या कंपन्यांचा हिशेब, या सगळ्यांनी मिळून ते केलं. 1973 ने पुन्हा उठायची आशा संपवली, एवढं म्हणता येईल. त्यापलीकडे सगळा दोष एका घटनेवर आणि एका माणसांच्या जातीवर टाकणं म्हणजे तेही माप मारणंच. उलट बाजूने, आपल्यातले काही जण "बघा, आपण अमेरिकेला गुडघ्यावर आणलं" म्हणून छाती फुगवतात. तेही त्याच तराजूतलं.

भाच्याने विचारलं, "मग एवढी भारी गोष्ट एका वर्षात संपली, वाईट नाही वाटत?"

त्याला मी अजबाची गोष्ट सांगितली. ही प्रेषितांची उंटीण. तिला शर्यतीत कुणी मागे टाकू शकत नसे. एक दिवस एक खेडूत अरब आपल्या तरुण उंटावर आला आणि पुढे निघून गेला. सोबत्यांना ते फार लागलं. प्रेषित (सल्ल.) मात्र चिडले नाहीत. या दुनियेत जे जे वर चढतं, ते ते अल्लाह खाली आणतोच, अशा अर्थाचं त्यांनी समजावलं. स्वतःच्याच उंटिणीविषयी.

भाचा थोडा वेळ गप्प बसला. मग त्याने मित्राला मेसेज लिहायला घेतला. "ऑक्टोबर 1973 ना मामू? आणि फोर्ड कधी गेली म्हणालास?"

"नोव्हेंबर 1970," मी म्हटलं. "आणि त्याला टोमणा मारू नकोस. नुसत्या तारखा पाठव."