वाघीण, परफ्यूम आणि पांढरकवड्याची रात्र

डेटवर जाताना मारायचा परफ्यूम वाघाच्या जातभाईंनाही आवडतो, हे ठाऊक आहे? जोक नाही. कॅल्विन क्लाइनचा ‘ऑब्सेशन फॉर मेन’. 1986 साली बाजारात आलेला, मॉलच्या काउंटरवरची सेल्सगर्ल मनगटावर फुसकन मारते ना, तोच. 2003 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयात दोन चित्त्यांपुढे चोवीस वेगवेगळे सेंट ठेवले गेले. एका भारी ब्रॅण्डला चित्त्यांनी दोन सेकंदांत टाटा केला. ‘ऑब्सेशन’पाशी मात्र सरासरी 11 मिनिटं रेंगाळले. नाक घासणं, गाल घासणं, डोळे मिटून लोळणं, फुल टू फिदा! यामागे सिव्हेटोन नावाचं रसायन असावं, असं म्हणतात. हा वास मूळचा जवादी मांजराच्या ग्रंथीतला. आपल्याकडच्या अत्तरवाल्यांना ‘जवादी’ पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, न्यूयॉर्कला ती उशिरा कळली इतकंच. पुढे ग्वाटेमालाच्या जंगलात जग्वारला कॅमेऱ्यासमोर आणायला संशोधकांनी हाच परफ्यूम वापरला.

आणि 2018 मध्ये ही बाटली पोचली यवतमाळ जिल्ह्यात. राळेगाव-पांढरकवड्याच्या जंगलात. टी-वन ऊर्फ ‘अवनी’ या वाघिणीसाठी.

गॅजेट्सवर लिहून पोट भरणाऱ्या माझ्यासारखीला ही गोष्ट सोडवेना. गेल्या डिसेंबरात सॅक उचलली आणि नागपूरहून गाडी धरली. हैदराबादकडे जाणारा चकाचक हायवे, हिंगणघाट मागे टाकलं की दोन्ही बाजूंना पांढरं सोनं. नागपूरहून साधारण तीन तासांत पांढरकवडा. तालुक्याचं सरकारी नाव केळापूर, पण तसं म्हणताना कुणी भेटलं नाही. गावात वऱ्हाडी, तेलुगू, गोंडी आणि कोलामी अशा चार भाषा एकाच चहाच्या टपरीवर ऐकू येतात. पैनगंगा ओलांडली की तेलंगणा. चहा गोड, इतका की चमचा उभा राहावा.

टपरीवर ‘अवनी’ म्हटलं की कुणी वळूनसुद्धा बघत नाही. इथे ती ‘टी-वन’ किंवा नुसती ‘ते वाघीण’. 2016 ते 2018 या काळात 13 माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. सप्टेंबर 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने वनखात्याच्या आदेशात हस्तक्षेप करायला नकार दिला. आधी बेशुद्ध करून पकडायचा प्रयत्न, नाही जमलं तर गोळी. मग सुरू झाली एक अशी शोधमोहीम, जिची यादी वाचताना एखाद्या गॅजेट एक्स्पोचं ब्रोशर वाचतोय असं वाटावं. शंभरच्या आसपास कॅमेरा ट्रॅप. उष्णता टिपणारे थर्मल ड्रोन. पॅराग्लायडर. हत्ती. एका नामवंत गोल्फपटूचे इटालियन केन कोर्सो जातीचे कुत्रे. आणि परफ्यूम.

यातलं काय चाललं, काय नाही? कॅमेरा ट्रॅप म्हणजे झाडाला बांधलेला एक डबा. समोरून गरम अंगाचं काही हललं की क्लिक. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जोडीने लावतात, कारण वाघाच्या दोन कुशींवरचे पट्टे वेगळे असतात आणि हे पट्टेच त्याचं आधार कार्ड. हा डबा बोअरिंग आहे पण इमानदार आहे. थर्मल ड्रोन दिसायला सॉलिड, पण उन्हात तापलेल्या दगडांमध्ये आणि घाणेरीच्या जाळीखाली त्याला वाघ शोधून दाखवणं कठीण. हत्तींचं तर न बोललेलं बरं. ताडोब्याहून आणलेला एक हत्ती साखळी तोडून पळाला आणि त्याच्या पायी एका बाईचा जीव गेला. वाघिणीपासून वाचवायला आणलेला हत्ती! ही हकिकत सांगताना टपरीवाल्याने माझ्याकडे बघितलंच नाही, कप विसळत राहिला.

2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री बोराटीच्या जंगलात टी-वन गोळीने मेली. त्या भागात दुसऱ्या वाघिणीचं मूत्र आणि अमेरिकन परफ्यूम शिंपडला होता आणि त्या वासावर ती आली, असं पोलिसांच्या हवाल्याने त्या वेळी छापून आलं. आधी डार्ट मारला की नाही, यावर प्रचंड वाद झाला, चौकशा झाल्या. मागे राहिले तिचे दोन बछडे. त्यातली मादी डिसेंबरात पकडून पेंचला नेली. मार्च 2021 मध्ये तिला जंगलात सोडलं आणि थोड्याच दिवसांत ती मेली.

शहरात तेव्हा मेणबत्त्या लागल्या, हॅशटॅग चालले. इथे फटाके वाजले. दोन्हीकडच्या लोकांना एकाच गाडीत बसवून बोराटीला न्यावं, असं मला राहून राहून वाटलं.

दुसऱ्या दिवशी टिपेश्वर. 148 चौरस किलोमीटरचं छोटेखानी अभयारण्य. सुन्ना गेटमधून पहाटेची जिप्सी. कडाक्याची थंडी, कानटोपी मस्ट! सागवान, गवताळ माळ, मधेच तळं. नशीब जोरावर असेल तर वाघ, नाही तर मोर, चितळ आणि नीलगाय आहेतच. ताडोब्यासारखी गाड्यांची जत्रा नाही, हा मोठा प्लस पॉइंट.

याच टिपेश्वरचा एक पोरगा जगात गाजला. कागदोपत्री नाव टी-वन-सी-वन, म्हणजे इथल्या टी-वन वाघिणीचा बछडा. (ही टी-वन वेगळी बरं का, प्रत्येक जंगलाची नंबर प्लेट स्वतंत्र.) फेब्रुवारी 2019 मध्ये त्याच्या गळ्यात जीपीएस कॉलर घातली. जूनअखेर हा पठ्ठ्या निघाला. तेलंगणात डोकावला, मराठवाडा-विदर्भाच्या शेतांतून, ओढ्यांतून, रस्ते ओलांडत डिसेंबरच्या सुरुवातीला बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. 1,300 किलोमीटर! एप्रिल 2020 मध्ये कॉलर काढली तेव्हा आकडा 3,000 च्या पुढे गेला होता. नाव पडलं ‘वॉकर’. आपण दहा हजार पावलं झाली की स्टेटस टाकतो.

कॉलर जवळपास तासातासाला त्याचा ठावठिकाणा उपग्रहामार्फत कळवत होती. 5,000 च्या वर नोंदी जमल्या. त्यातून काय कळलं, तर तो दिवसा लपायचा आणि रात्री चालायचा. तो झोपला होता त्या झुडपात काही जण शिरले, तेव्हा एकाला किरकोळ इजा झाली. बाकी एवढ्या प्रवासात कुणा माणसाच्या वाटेला तो गेला नाही. अख्खा वाघ शेजारून गेला आणि गावंच्या गावं घोरत होती. मला विचाराल तर या जिल्ह्यात आलेलं सर्वांत भारी गॅजेट हेच. परफ्यूम वाघाला आपल्याकडे ओढतो, कॉलर आपल्याला वाघाच्या मागे चालवते.

पण संध्याकाळी अभयारण्याबाहेरच्या एका शेतात जे यंत्र बघितलं, त्याचं ब्रोशर कुठल्याच एक्स्पोत मिळणार नाही. झटका मशीन. जेवणाच्या डब्याएवढी पेटी, एक बॅटरी, वर छोटंसं सोलर पॅनल आणि शेताभोवती तार. सेकंदा-सेकंदाला विजेचा बारीक ठोका. रानडुक्कर शिवलं तर दचकून पळतं, मरत नाही. ‘टक्‌, टक्‌, टक्‌’ असा आवाज रात्रभर. काही जण मात्र पेटीचे पैसे वाचवून तार थेट विजेच्या लाइनला जोडतात. ते बेकायदा आहे आणि त्यात वाघही मरतात, माणसंही.

शेताची मालकीण पन्नाशीची. हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं. मी म्हटलं, दिवसा का नाही देत? ती हसली.

“लाइन रातची भेटते ताई. मंग पानी द्याले कोन जाईन? आमीच जाऊ नं!”

“आणि वाघ?”

“दिसला त बरंच हाय. दिसत नाई, त्याचंच भेव वाटते.”

तिच्याकडे मोबाइल होता, त्यात गाणी भरलेली. रात्री पाणी देताना ती फोन मोठ्या आवाजात लावून बांधावर ठेवते. एकटीने चालल्यासारखं वाटत नाही आणि जनावरालाही कळतं की माणूस आहे. टॉर्चचं बटण ढिलं झालं होतं, त्याला रबरबॅण्ड लावलेला. परफ्यूमची गोष्ट तिला सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतली, मग बाटलीची किंमत विचारली. मी सांगितली. तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, “एवढ्यात त दोन टॉर्च आल्या असत्या. चांगल्यातल्या.”

लाइन रात्री दहाला येणार होती. आम्ही निघालो तेव्हा ती वाटेवर चप्पल झटकत उभी होती. शेजारच्या शेतातली बाई यायची होती, दोघी मिळून जाणार होत्या.

जायचं असेल तर नोव्हेंबर ते मे बेस्ट, पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं. मुक्काम पांढरकवड्यात. जिप्सीचं बुकिंग आधी करा आणि जमलं तर एक संध्याकाळ अभयारण्याबाहेर घालवा.