बॅक आऊट, बॅकअप आणि ‘ठेव मग’

पहिल्या नोकरीतला आठवा महिना. रात्रीचे साडेअकरा वाजलेले, पुण्यातल्या भाड्याच्या खोलीत लॅपटॉप मांडीवर. परदेशात बसणाऱ्या सिनियरचा मेसेज आला : ‘प्लीज बॅक आऊट द चेंज बिफोर द क्लायंट कॉल.’ संध्याकाळी मी जो बदल लाइव्ह केला होता, त्याबद्दल. मी ‘बॅक’ वाचलं आणि पुढचा ‘अप’ माझ्या डोक्यानंच भरला. इमानदारीत बॅकअप घेतला, दोनदा तपासला, ‘डन’ लिहिलं आणि शांत झोपलो.

सकाळी क्लायंटच्या बिलांवर चुकीच्या रकमा तशाच झळकत होत्या. ‘बॅक आऊट’ म्हणजे केलेला बदल मागे घेणं. मी तर त्या चुकीचीच एक जास्तीची प्रत जपून ठेवली होती. मॅनेजर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘समजलं नाही तर विचारत जा.’ ते जास्त लागलं. कारण मला समजलं नाही, हेच मला समजलं नव्हतं.

आमचं गाव लोहा तालुक्यात. नांदेड एका बाजूला, लातूर दुसऱ्या. राज्यात 2000 साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, त्यामुळे माझ्या पिढीनं मराठी शाळेत बसूनच एबीसीडी गिरवली. पुढं शाळेत फ्रेजल व्हर्ब्ज आले ते यादी म्हणून. डावीकडं ‘गिव्ह अप’, उजवीकडं ‘सोडून देणे’. डावीकडं ‘पुट ऑफ’, उजवीकडं ‘पुढे ढकलणे’. एका शब्दाला एक अर्थ, पाठ करा, दोन मार्क घ्या. वाक्यात ते कसे वागतात, हे कुणी दाखवलं नाही.

अकरावी-बारावीला लातूरला गेलो. तिथं फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स एवढेच विषय. इंग्रजी फक्त पास होण्यापुरतं. बारावीची परीक्षा झाली, सीईटी तोंडावर, आणि शहरात पाणी नाही. 12 एप्रिल 2016ला मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोचली. त्या दिवसांत आमच्या गल्लीत टँकरच्या रांगेपाशी एक इंग्रजी चॅनलवाली आली. माझ्यापुढं माईक धरून तिनं विचारलं, ‘हॅव यू रन आऊट ऑफ वॉटर?’

रनआऊट मला एकच माहीत होता, धावबाद. हातात दोन घागरी, डोक्यात बॅट क्रीजच्या बाहेर राहिलेला फलंदाज. मी नुसता हसलो. ती पुढच्या माणसाकडं वळली. घरमालकीणबाई मागून म्हणाल्या, ‘सांगायचं की रं, चार दिस झाले नळाला थेंब नाही.’ मला सांगता आलं असतं. प्रश्नच कळला नव्हता.

मग नांदेडला इंजिनिअरिंग. 2020ला पासआऊट झालो. हेही एकदा कॉलवर अभिमानानं सांगितलं, तर पलीकडं क्षणभर शांतता. त्यांच्या इंग्रजीत ‘पास आऊट’ म्हणजे सहसा बेशुद्ध पडणं. कोविडच्या वर्षात डिग्री हातात आली होती, तेव्हा तोही अर्थ अगदीच चुकीचा नव्हता.

बॅक आऊट प्रकरणानंतर मी घाबरून असे शब्द वहीत उतरवायला लागलो. कामात तर ते पावलोपावली. सेट अप, रोल बॅक, शट डाऊन. एकदा बटणावर मी ‘लॉगइन’ जोडून लिहिलं, तर रिव्ह्यूत कॉमेंट आली : क्रिया असेल तर तोडून लिही, नाम असेल तर जोडून. इंग्रजी इतकी बारीक असते, हे मला एका बटणानं शिकवलं.

खरा उलगडा मात्र स्वयंपाकघरात झाला. माझा रूममेट तमिळ, हौसेनं मराठी शिकत होता. एका रात्री मी त्याला म्हणालो, ‘उरलेली भाजी खाऊन टाक.’ तो पातेलं हातात घेऊन उभा. ‘खाऊ की टाकू?’

मी हसलो, मग समजावायला गेलो आणि अडकलो. ‘टाक’चा इथं टाकण्याशी संबंध नाही, म्हणजे संपव. इंग्रजीत म्हणतात तसं, ‘ईट इट अप’. आणि तोंडातून हे निघालं तेव्हा मीच थांबलो. त्या ‘अप’मध्ये तरी वर जाणारं काय आहे? जे ‘अप’ तिथं करतं, तेच ‘टाक’ इथं करतंय.

त्या रात्री आम्ही एकच क्रियापद घेऊन बसलो, बोलणं. बोलून टाकलं, म्हणजे मन मोकळं केलं. बोलून गेलो, म्हणजे नकळत. बोलून बसलो, आता पस्तावतोय. बोलून दाखवलं, म्हणजे टोचलं. बोलून ठेवलंय, म्हणजे पुढची सोय झाली. हे मला कुणी यादी करून शिकवलं नव्हतं. आईच्या, आजीच्या वाक्यांतून आपोआप आलं होतं. शाळेतली ती यादी आठवली. उजवीकडचं ‘सोडून देणे’ हे तरी दुसरं काय होतं? दोन्ही बाजूंना एकाच जातीचे शब्द होते आणि आम्ही मधली रेघ पाठ करत होतो.

‘टाक’ म्हणजे ‘अप’ असा सरळ हिशोब मात्र लागत नाही. ‘गिव्ह अप’मधला ‘अप’ वेगळा, ‘ब्रेक अप’मधला वेगळा. सॅम्युअल जॉन्सननं 1755च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय की, परकीयांना इंग्रजीतली हीच जोडणी सगळ्यात अवघड जाते. वाचून बरं वाटलं. लोह्याच्या पोराची अडचण अडीचशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये नोंदवलेली होती.

आणि आपण तरी कुठं गप्प बसतो? इंग्रजीतून हे शब्द उचलतो, त्यांचं नाम करतो आणि वर आपलं शेपूट लावतो. बॅकअप घेऊन ठेव. सेटअप करून दे. मित्र परवा म्हणाला, ‘ब्रेकअप करून टाकलं.’ त्यात ‘अप’ही आहे आणि ‘टाकलं’ही. एका नात्याला दोन भाषांनी मिळून संपवलं. इतकं पक्कं इंग्रजाला सांगता येणार नाही.

आता मी विचारतो. कॉलवर सगळ्यांसमोर विचारतो, ‘म्हणजे बदल मागे घ्यायचा ना?’ नवीन आलेली पोरं, परभणीची, उदगीरची, मान खाली घालून ‘येस, येस’ म्हणतात, तेव्हा त्यांच्यासाठीही विचारतो.

रात्री बाबांचा फोन येतो. ‘काय करायलास? जेवलास का? सोयाबीनला भाव नाही.’ मग थोडं थांबून, ‘ठेव मग.’ इंग्रजीत याला ‘हँग अप’ म्हणतात. त्यांचा रिसीव्हर भिंतीवर टांगला जायचा, आपला खाली ठेवला जायचा. आता ना खुंटी, ना ठेवायला जागा. फोन दोघांच्याही तळहातावर. शब्द तेवढे राहून गेलेत.

‘हां, ठेवतो,’ मी म्हणतो. दोघंही ठेवत नाही. पलीकडं पंख्याचा आवाज येत राहतो.