चेतक उघडून बसलो

सातपूरची एमआयडीसी आज सुट्टीवर, आणि मी पार्किंगमध्ये चेतक उघडून बसलेलो. बजाजने १९७२ साली आणलेली ही टू-स्ट्रोक स्कूटर. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं, लिटरला साधारण 20 मिली. जास्त झालं की प्लग काळा, कमी पडलं की पिस्टन जाम.

परवापासून चढाला दम टाकत होती. सगळ्यांचं एकच, कार्बोरेटर. मी सायलेन्सर उतरवला, तर एक्झॉस्ट पोर्ट कार्बनच्या खरपुडीने निम्मं बुजलेलं! पिस्टनला ओरखडा नको म्हणून लाकडी पट्टीने खरवडलं. मग फीलर गेजने पॉइंटची फट जुळवली.

धूर मात्र निघतोच. शेजारच्या वहिनींची कुरकुर रास्तच आहे.

जुनी चेतक घेणार असाल तर रंग नंतर बघा, आधी सायलेन्सर उतरवा.