पितळी साप आणि पाळकसाहेब

काही माणसांचं आपण देणं लागतो, आणि ते फेडायचं कसं हे शेवटपर्यंत कळत नाही. माझ्या बाबतीत ते माणूस म्हणजे आमचे पाळकसाहेब. त्यांनी मला नोकरी लावली नाही, की अडीअडचणीला पैसे दिले नाहीत. दहा आज्ञांपैकी एक आज्ञा त्यांनी मला नीट वाचायला शिकवली, एवढंच. त्यांचं नाव इथे देत नाही. छापलेलं त्यांना आवडलं नसतं. का, ते पुढे कळेलच.

आम्ही नगरचे. अमेरिकन मराठी मिशनच्या शिकवणुकीत वाढलेलं घर. 1842 साली नगरला निघालेल्या ‘ज्ञानोदया’चे जुने अंक ट्रंकेत, भिंतीवर वचनांचं कॅलेंडर आणि एक रिकामा क्रूस. दुसरं चित्र नाही. ‘आपल्यासाठी कोरीव मूर्ती करू नको’ ही आमची दुसरी आज्ञा, आणि ती आपण पाळतो याचा घरात छुपा अभिमान असे. त्या अभिमानाची एक गोष्टही होती. बाप्तिस्मा घ्यायच्या आदल्या आठवड्यात पणजीने देव्हाऱ्यातले खंडोबाचे आणि भैरोबाचे टाक सोनाराकडे नेले आणि त्या चांदीचे आजीसाठी वाळे करून घेतले.

ही गोष्ट मी शब्बाथशाळेत मोठ्या तोऱ्यात सांगितली. पाळकसाहेब खुश झाले. “म्हणजे अहरोनाच्या बरोबर उलट झालं! त्यानं लोकांच्या कानातली कुंडलं वितळवून वासरू केलं, तुझ्या पणजीनं देव वितळवून दागिना केला. बरं, ते वाळे आता कुठं आहेत?”

वाळ्यांवरून माझ्या दोन आत्या एकमेकींशी बोलत नव्हत्या, हे अख्ख्या मंडळीला ठाऊक होतं. वर्गात खसखस पिकली.

“मग देव अजून घरातच आहे की,” ते म्हणाले.

पण पणजीला त्यांनी कधी कमी लेखलं नाही. गावच्या देवळाची पायरी तिला चढता येत नव्हती. जे काही देव तिच्या हाताशी होते ते हेच टाक. ते सोडले तेव्हा भावकीही सुटली. “तिनं किंमत मोजली,” ते म्हणत, “तुम्हांला आज्ञा वारशात मिळाली. फुकटच्या वस्तूचा तोरा जास्त असतो.”

त्यांची सगळ्यात आवडती कथा पितळी सापाची. गणनाच्या एकविसाव्या अध्यायात देव स्वतःच मोशेला साप घडवून खांबावर टांगायला सांगतो. सर्पदंश झालेला माणूस त्याच्याकडे पाहून वाचतो. पुढे कित्येक पिढ्यांनी लोक त्याच सापापुढे धूप जाळू लागतात, आणि हिज्कीया राजा त्याचे तुकडे करतो. पाळकसाहेब विचारायचे, “घडवणारा बरोबर की फोडणारा?” आम्ही दोन तट पाडून भांडायचो. मग ते कराराच्या कोशाच्या झाकणावरचे सोन्याचे करूब पुढे करायचे. तेही देवाच्याच आज्ञेने घडवलेले. शेवटी म्हणायचे, “दोघंही बरोबर. पितळ तेच राहिलं, माणसं बदलली.”

कॉलेजात असताना ते आम्हा पोरांना वसईला घेऊन गेले होते. तिथल्या कॅथलिक चर्चमध्ये मारियामातेच्या पुतळ्यापुढे मेणबत्त्या तेवताना पाहून आमच्यातला एकजण कुजबुजला, “ही तर मूर्तिपूजाच.” परतीच्या गाडीत पाळकसाहेबांनी आमचा तास घेतला. पूर्वेकडच्या मंडळीत शंभर-सव्वाशे वर्षं या प्रश्नावरून चित्रं फुटली, माणसं हद्दपार झाली. दमास्कसच्या योहानाने बाजू मांडली, की अदृश्य देवाचं चित्र काढता येत नाही हे खरं. पण तोच देव देह घेऊन आला, तर त्या देहाचं चित्र का नको? 787 साली नायसियाच्या परिषदेने तोडगा काढला: प्रतिमेला दिलेला मान ती ज्याची असेल त्याला पोचतो, आराधना मात्र एकट्या देवाची. उलट 1524 साली झुरिचच्या सुधारकांनी चर्चमधली चित्रं आणि पुतळे उतरवले, आणि आमच्या रिकाम्या भिंती त्या घराण्यातल्या. “आज्ञा कॅथलिकांच्याही दहाच,” ते म्हणाले. “आपली दुसरी ते पहिलीत धरतात, आणि शेवटच्या लोभाच्या आज्ञेच्या दोन करतात. दोन्ही घरांना भीती एकाच गोष्टीची आहे. एकानं चित्र ठेवून सावध राहायचं ठरवलं, दुसऱ्यानं काढून टाकून. तू कुठल्याही घरात बेसावध राहू शकतोस.”

गोव्याचा विषय निघाला की मात्र ते गंभीर व्हायचे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने तिथली देवळं पाडली. कुशस्थळीचा मंगेश झुआरी ओलांडून प्रियोळला न्यावा लागला. आज्ञा स्वतःच्या घरावर चालवायची सोडून शेजाऱ्याच्या घरावर चालवली की हे होतं, असं ते स्पष्ट म्हणत. यशयाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायात अर्ध्या ओंडक्यावर भाकरी भाजून उरलेल्या अर्ध्याचा देव करणाऱ्या माणसाची टिंगल आहे. आमच्यातले काही उत्साही प्रचारक ती शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकवायचे. पाळकसाहेब त्यांना थांबवत. “यशया कुणाला बोलतोय? स्वतःच्या माणसांना. घरातलं बोलणं गल्लीत नेऊ नका.”

म्हणून त्यांनी रेषा पुसली असं नाही. श्रावणात शेजारच्या घरी सत्यनारायण असे. पाळकसाहेब पूजा आटोपल्यावर जात, आरतीला थांबत नसत, हात जोडत नसत. शिऱ्याचा द्रोण मात्र दोन्ही हातांनी घेत, मान लववून देवाचे आभार मानत आणि तिथेच संपवत. एका वर्षी त्यांच्याबरोबर नुकताच बाप्तिस्मा घेतलेला एक तरुण होता. त्या दिवशी त्यांनी द्रोण घेतला नाही. यजमानांना बाजूला घेऊन हळू आवाजात काहीतरी सांगितलं, आणि चहा मागून घेतला. मी नंतर विचारलं. ते म्हणाले, “शिऱ्याला काही झालेलं नाही रे. त्याच्या मनाला झालं असतं.” पौलाने करिंथच्या मंडळीला नैवेद्याविषयी दिलेला सल्ला हाच आहे: मूर्ती म्हणजे काहीच नाही हे तुला कळलं असेलही, पण तुझ्या कळण्यामुळे दुबळ्या भावाचा पाय घसरू नये. त्या पत्रावरची प्रवचनं मी पुष्कळ ऐकली. लक्षात राहिला तो न घेतलेला द्रोण.

त्यांची खरी धार मात्र आमच्यावरच चालायची. आमच्या चर्चमध्ये वेदीशेजारी एक शिसवी खुर्ची होती, जुन्या मिशनरीसाहेबांची. कमिटीच्या निवडणुकीत आणि कंपाउंडच्या जमिनीच्या दाव्यात एकमेकांची तोंडं न पाहणारी मंडळी त्या खुर्चीपाशी येताच आवाज खाली आणायची. कुणी तीवर बसत नसे. दर शनिवारी तिला तेलपाणी होई. एका रविवारी उपासना सुरू झाल्यावर गुडघेदुखीने बेजार झालेल्या एक म्हाताऱ्या बाई आल्या. बाकं भरलेली. पाळकसाहेब पुलपिटावरून खाली उतरले, ती खुर्ची ओढत पुढच्या रांगेपाशी आणली आणि म्हणाले, “बसा, आई.” फरशीवर पाय घासल्याचा कर्कश आवाज झाला. दोन-तीन वडीलधारे अर्धवट उठले. त्या बाई बसल्या आणि पाळकसाहेबांनी उपासनेचं पुढचं गीत सांगितलं. दुसऱ्या दिवशी कमिटीने जाब विचारला, तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं, की हिज्कीयानं तर तुकडे केले होते, मी नुसती वापरात आणली.

लोभ हीच मूर्तिपूजा, असं पौल कलस्सैकरांना लिहितो. तुझं काळीज ज्याला चिकटलं तो तुझा देव, असं मार्टिन लूथर सांगतो. पाळकसाहेब याचा साधा व्यवहार करायचे. शब्बाथशाळेत पोरांना पाटीवर लिहायला लावायचे: काय मागितलं तर मी देणार नाही? शेजारी काय पुजतो हे लिहायचं नाही. आता तो वर्ग मी घेतो. हल्लीची मुलं मोबाइल लिहितात, थोडी मोठी झाली की मार्क लिहितात. एका मुलीने ‘आमची जात’ असं लिहिलं. पाटी पुसायला मी तिला सांगितलं नाही. त्या दिवशी वर्ग तिथूनच पुढे नेला, आणि चार घरांतून तक्रारी आल्या.

पाळकसाहेब गेल्यावर त्यांचा मोठा फोटो चर्चमध्ये लावायचा ठराव आला. ज्यांनी खुर्चीबद्दल जाब विचारला होता, त्यांनीच तो मांडला. पाळकसाहेबांच्या पत्नीला, म्हणजे आमच्या बाईंना, विचारायला मी गेलो. त्या म्हणाल्या, “लावा की. पोरांना चेहरा कळू दे. पण हार दिसला की त्याच दिवशी उतरवायचा, आणि हे काम तुझं.”

फोटो शब्बाथशाळेच्या खोलीत आहे. दोनदा हार आला, दोनदा मी उतरवला. त्यांचं देणं मी असंच फेडतो.